भांडण नेमकं किती वाजता झालं?

रिॲलिटी शोमध्ये भांडण एकच होतं, पण डझनभर कॅमेरे ते आपापल्या घड्याळाप्रमाणे टिपतात. चूक कोणाची, हे प्रेक्षक ठरवतात आणि वीकेंडला सूत्रसंचालक त्यावर शिक्का मारतो. भांडण नेमकं किती वाजता झालं, हे मात्र एडिट रूममधला असिस्टंट एडिटर ठरवतो. त्याचं मत कोणी विचारत नाही. फक्त 'सिंक झालं का?' एवढंच विचारतात, तेही दर दहा मिनिटांनी.

त्याचा सगळा संसार टाइमकोडवर चालतो: तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. आपल्याकडे टीव्हीच्या एका सेकंदात २५ फ्रेम, म्हणजे एक कॅमेरा दिवसरात्र चालला तर २१ लाख ६० हजार. प्रत्येक फ्रेमला स्वतःचा नंबर. सगळ्या कॅमेऱ्यांचे नंबर जुळले की त्यांची एक गठडी बांधायची, 'ग्रुप क्लिप'. मग एडिटर बटणं दाबून या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर उड्या मारायला मोकळा.

पण रात्री बारा वाजता हा टाइमकोड शून्यावर येतो. स्पर्धकांना नेमका तेव्हाच कंठ फुटतो. पावणेबाराला पेटलेलं भांडण साडेबाराला मिटतं. नुसत्या नंबरांवर विसंबलं, तर टाइमलाइनवर माफी आधी येते आणि वाद नंतर. (काही भागांना हाच क्रम शोभला असता, ते सोडा.)

अमेरिकेत याहून गंमत. तिथे सेकंदाला २९.९७ फ्रेम. हिशेब जुळावा म्हणून 'ड्रॉप फ्रेम' पद्धतीत दर मिनिटाला दोन नंबर गाळतात, दर दहाव्या मिनिटाला मात्र गाळत नाहीत. चित्र एकही जात नाही, जातो तो फक्त आकडा. पंचांगातल्या क्षयतिथीचीच ही तऱ्हा.

घड्याळांचा घोळ मात्र प्रत्येक शोमध्ये सारखा नसतो. 'बिग ब्रदर' १९९९ साली नेदरलँड्समध्ये सुरू झालं. तेच 'बिग बॉस' होऊन हिंदीत २००६ साली आणि मराठीत २०१८ साली आलं. अशा घरात कॅमेरे भिंतीत बसवलेले आणि एकाच कंट्रोल रूमला जोडलेले, त्यामुळे घड्याळ एकच. खरी परीक्षा 'रोडीज'सारख्या भटक्या कार्यक्रमांत. सकाळी सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं मिळवतात, पण प्रत्येकाच्या पोटातला क्वार्ट्झ आपल्या लहरीने चालतो. संध्याकाळपर्यंत कोणी एक फ्रेम पुढे, कोणी दोन मागे.

त्यात हेल्मेटवर बसवलेला गोप्रो. लांबलचक शॉटचे तो तुकडे पाडतो आणि तुकड्याचा क्रमांक फाइलच्या नावात शॉटच्या क्रमांकाआधी घालतो. जीएक्स०१०१२३ या फाइलचा पुढचा भाग जीएक्स०२०१२३. नावाप्रमाणे लावायला जावं, तर सगळ्या शॉट्सचे पहिले तुकडे एका रांगेत आणि दुसरे त्यांच्यामागे. माणूस एका फाइलमध्ये कड्यावरून उडी मारतो, आणि पाण्यात पडतो तो चाळीस फायली ओलांडून.

टाइमकोडने दगा दिला की आवाजाचा आधार. क्लॅपचा किंवा टाळीचा 'टक' सगळ्यांनी ऐकलेला असतो, सॉफ्टवेअरही आवाजाच्या लहरी जुळवून देतं. मात्र आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका फ्रेममध्ये जेमतेम चौदा मीटर. तेवढ्या लांबच्या कॅमेऱ्याच्या माइकला ती टाळी एक फ्रेम उशिराच ऐकू येणार. तक्रार करायची तर भौतिकशास्त्राकडे.

आणि जिथे कॅमेरा बहिराच, म्हणजे पाण्याच्या टास्कमध्ये प्लास्टिकच्या डब्यात कोंडलेला, तिथे उरतात स्पर्धकाचे ओठ. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटून उघडतात. ती फ्रेम शोधायची, कॉलर माइकवरच्या आवाजातलं तेच अक्षर शोधायचं आणि दोन्ही एकाखाली एक बसवायचं. 'अहो, ऐका ना' म्हणणारी सालस माणसं इथे काही कामाची नाहीत. अख्ख्या वाक्यात ओठाला ओठ लागत नाही. याउलट मूर्ख, मठ्ठ, बावळट, बिनडोक, भंपक, फालतू यांनी पहिल्याच अक्षराला सिंक मिळतो. म्हणून असिस्टंट एडिटर कानाला हेडफोन लावून, कोणीतरी 'भ'ची बाराखडी सुरू करील या आशेवर तासन् तास फुटेज पुढे सरकवत राहतो. ती सुरू झाली की त्याचा जीव भांड्यात पडतो, सगळेच्या सगळे कॅमेरे झटक्यात जुळतात, आणि वाहिनीकडून निरोप येतो: ते वाक्य उडवा.