रागवा खुशाल, पण अर्ज देऊ नका!

रुग्णाच्या नातेवाइकानं हॉस्पिटलात रागवावं, याला हॉस्पिटलांची मुळीच हरकत नसते. उलट त्याची चोख व्यवस्था केलेली असते. रिसेप्शनच्या मागे भिंतभर फलक असतो: डॉक्टर व कर्मचाऱ्यांवर हल्ला करणे हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. 2010 चा कायदा, तीन वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड. कायदा हवाच, डॉक्टरला मारून कुणाचा बाप अजून बरा झालेला नाही.

दुसरा फलक रुग्ण हक्क सनदेचा. राज्याच्या 2021 च्या सुधारित नियमांनी तो खासगी रुग्णालयांत दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. आमच्या आत्याला ठेवलं होतं तिथला दर्शनी भाग वॉटर कूलरच्या मागे होता. सनद वाचायची तर आधी तहान लागायला हवी.

तुम्ही आवाज चढवलात की पीआरओ मॅडम येतात. ‘काका, शांत व्हा, बसा ना. चहा सांगू?’ चहा येतो. मग ‘मी सरांशी बोलते’ येतं. सर ओटीत असतात. ओटीतून ते थेट दुसऱ्या हॉस्पिटलच्या ओटीत जातात. शेवटी हातात टॅबलेट दिला जातो, त्यावर हसरे-रडके चेहरे. पार्किंग कसं वाटलं? कँटीन? रिसेप्शनवरचं स्वागत? पाठीला पडलेल्या जखमेसाठी चेहरा नसतो. तुम्ही कँटीनला दोन चांदण्या देता आणि मन मोकळं झाल्यासारखं वाटून घरी जाता.

पण ‘मी लिहून आणलंय, पोच द्या’ एवढं म्हणून पाहा! तोवर तुमच्याकडे मायेनं पाहणारं हॉस्पिटल एकदम सावध होतं. पोचेचा शिक्का कपाटात असतो, किल्ली ॲडमिन मॅडमकडे आणि मॅडम रजेवर. गंमत म्हणजे बिलावर मारायचा ‘पैसे मिळाले’चा शिक्का रात्री तीनलाही हजर असतो, त्याला रजा ठाऊक नाही.

कागदाची एवढी धास्ती का, ते आत्याच्या फाइलनं शिकवलं. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे दर दोन तासांनी कूस बदलायला हवी होती. बदलली नाही, पाठीला बेडसोर झाला. ‘वयोमानाप्रमाणे होतं हो,’ असं उत्तर मिळालं. डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार मागितल्यापासून 72 तासांत रुग्णाची कागदपत्रं द्यावी लागतात, म्हणून अर्ज केला. बरीच खळखळ झाली, पण फाइल मिळाली. कूस बदलल्याच्या तक्त्यात रात्री दोन, चार, सहा, सगळीकडे एकाच पेनाच्या, एकाच वळणाच्या सुबक खुणा! डिस्चार्ज दुपारी एकला झाला होता. दुपारी दोनच्या रकान्यातही खूण होती. म्हणजे आत्या घरी वरण-भात खात असताना सिस्टर वॉर्डात तिची कूस बदलत होत्या. याला म्हणतात सेवाभाव.

आता हा कागद घेऊन जायचं कुठं? मेडिकल कौन्सिल डॉक्टरांचं वागणं तपासते. कूस बदलणं डॉक्टरचं काम नाही. पोलीस म्हणतात, सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या निकालाप्रमाणे आधी स्वतंत्र डॉक्टरचं मत आणा. डॉक्टरबद्दल डॉक्टरचं मत मिळेपर्यंत रुग्ण एक तर बरा होतो किंवा नसतो. उरतं ते महापालिकेचं किंवा जिल्ह्याचं तक्रार निवारण, आणि ग्राहक आयोग. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे 1995 पासून ठरलेलं आहे. मुदत दोन वर्षं, आणि उपचारांपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य.

धीर मात्र हवा. 1953 मध्ये पुण्यात मोडलेल्या पायावर उपचार होताना एका तरुणाचा मृत्यू झाला. वडील स्वतः डॉक्टर. तरीही सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला 1968 उजाडलं. भरपाई 3000 रुपये. पण निष्काळजीपणावरच्या खटल्यांत तो निकाल आजही वकील काढतात, कारण त्या बापानं आरडाओरडा करून घरी जाणं पसंत केलं नाही.

तेव्हा काका, काकू, दादा, ताई, आवाज चढवू नका. त्याची सोय त्यांनी करून ठेवलीय. अर्जाच्या दोन प्रती करा, तारीख-वेळ-वॉर्ड लिहा, पूर्ण फाइल मागा. आणि शिक्का रजेवर असेल तर सरळ स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपून ठेवा.