साडेबारा टक्क्यांचा शॉट

टक्केशेठ टेबलाभोवती प्रदक्षिणा घालायला लागले की बाकीचे खुर्च्या ओढून बसतात. पहिली प्रदक्षिणा बॉल मोजायला, दुसरी कोन बघायला, तिसरी कशाला ते आजवर कुणाला कळलेलं नाही. मध्येच ते वाकतात, डोळा बारीक करून क्यू लावतात, आता मारणारच म्हणून आपण श्वास धरतो. तोच ते ताठ उभे राहतात आणि क्यूच्या टोकाला खडू घासत जाहीर करतात, "३५ टक्के. नाय परवडत." मग व्हाइटला हळूच ढकलून आपल्याच एखाद्या बॉलच्या मागे नेऊन लपवतात. समोरच्याला धड काही दिसू नये, एवढाच त्यांचा उद्योग. याला ते 'सेफ' म्हणतात.

न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं आणि त्याच्याभोवती क्लिअरिंग एजंटांची जी फौज उभी राहिली, तिच्यात शेठ पहिल्यापासून आहेत. बंदराकडे येणारा नवा पोऱ्या आधी कंटेनर बघतो, मग कस्टम हाऊस बघतो आणि तिसऱ्या दिवशी त्याला एखादा टक्केशेठ भेटतो. प्रत्येक ऑफिसात एक असतोच. अर्जाच्या दोन प्रती मागितल्या तर हा पाच काढतो. डिसेंबरात छत्री बाळगतो. मुंबईला जायचं तर मोऱ्याहून लाँच पकडत नाही, कारण लाटा. अटल सेतूने जात नाही, कारण टोल. लोकलने नेरूळ गाठून वळसा घालतो आणि गाडी चुकू नये म्हणून अर्धा तास आधी फलाटावर उभा राहतो. त्याचं कधी काही बिघडलेलं नसतं. फारसं काही घडलेलंही नसतं, पण ते त्याच्या लक्षात आणून द्यायला कुणी धजत नाही.

आमचं पूल पार्लर बंदराजवळच्या द्रोणागिरीत, एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात. गाळा बांधणाऱ्याच्या मनात किराणा दुकान असावं. क्यू असतो पावणेपाच फुटांच्या आसपास आणि टेबलाची एक बाजू भिंतीपासून जेमतेम तीन फुटांवर. त्या बाजूने मारायची वेळ आली की कोपऱ्यात ठेवलेला आखूड क्यू घ्यायचा. तो नक्कीच कधीतरी लांब होता आणि कुणाच्या तरी रागात मोडला. शेठ भिंतीकडच्या शॉटचे सरसकट २० टक्के कापतात. बिल्डरचा दोष खेळाडूच्या माथी कशाला, असं मी एकदा म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "इथं सगळं असंच चालतं, भाऊ."

खेळ एट-बॉलचा. एकाचे प्लेन बॉल, १ ते ७. दुसऱ्याचे पट्ट्याचे, ९ ते १५. आपले सात घालवल्यावर शेवटी ब्लॅक. ब्लॅक आधी पडला की खेळ खलास. व्हाइट पॉकेटात गेली तर फाउल, आणि समोरचा ती हातात घेऊन हवी तिथे ठेवणार. पोरं आली की धडाधड आपले सहा बॉल घालवतात आणि सातव्यावर अडकतात. मग शेठ मिशीत हसतात. त्यांचं म्हणणं असं की आपले बॉल टेबलावर आहेत तोवर समोरच्याची वाट अडलेली असते. ते लवकर संपवणं म्हणजे स्वतःच्या हाताने त्याला रस्ता मोकळा करून देणं. हे शंभर टक्के खरं आहे. शेठचं पुष्कळसं शंभर टक्के खरं असतं, त्यामुळेच त्यांच्याशी वाद घालणं अवघड.

त्यांचं दैवत विल्सन जोन्स. पुण्यात जन्मलेला माणूस, १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचा हौशी जगज्जेता झाला आणि १९६४ साली पुन्हा एकदा. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय. पुढे त्याला द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. "आणि आपण खेळतो कुठं? द्रोणागिरीत!" हा योगायोग शेठ महिन्यातून दोनदा सांगतात. पण बिलियर्ड्स हा तीन बॉलचा वेगळाच खेळ. त्यात आपला बॉल दुसऱ्याला लागून पॉकेटात गेला तर शिक्षा नाही, उलट गुण मिळतात. शेठची व्हाइट चुकून पॉकेटात घरंगळली की ते बाहीवरचा खडू झटकत म्हणतात, "विल्सन जोन्सच्या खेळात याला तीन मार्क हायेत." आमच्या खेळात त्याला काय आहे ते समोरचा व्हाइट हातात घेऊन दाखवतो.

त्यांना टक्क्यांचा नाद कुठून लागला याबद्दल दोन मतं आहेत. एक मत असं की कस्टम्समुळे. तिथे रिस्क मॅनेजमेंट सिस्टिम नावाचा प्रकार आहे. कॉम्प्युटर बिल ऑफ एंट्री वाचतो आणि कुठला माल सरळ सोडायचा, कुठला उघडून बघायचा ते ठरवतो. शेठचं बिल तपासणीला न लागता सुटलं की ते चहा पाजतात. "मशीनला रिस्क कळते, मग माणसाला नको कळायला?" असं म्हणत एक चहा चौघांत वाटतात.

दुसरं मत माझं. साडेबारा टक्के हा आकडा उरण-पनवेलकडे कुणाला समजावून द्यावा लागत नाही. नव्या शहरासाठी आणि बंदरासाठी इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. शेठच्या घरालाही तसा एक तुकडा मिळाला. सगळे म्हणत होते थांबा, समुद्रावर पूल होणार आहे. शेठ म्हणाले, पूल होणार हे मी चड्डीत होतो तेव्हापासून ऐकतोय. त्यांनी तुकडा विकला, पैसे मुदत ठेवीत टाकले आणि निवांत झोपले. १२ जानेवारी २०२४ रोजी पुलाचं उद्घाटन झालं, जवळजवळ बावीस किलोमीटरचा. शेठ त्या दिवशी पार्लरला आले नाहीत. पूल होण्याची शक्यता त्यांनी १२ टक्के धरली होती म्हणे. साडेबारा धरली असती तर कदाचित थांबले असते.

तेव्हापासून एखादा शॉट फारच अवघड असला की शेठ त्याला 'साडेबारा टक्क्यांचा' म्हणतात. तो ते मारत नाहीत आणि दुसऱ्याने मारून घातला तर टाळी वाजवत नाहीत.

आमच्या ऑफिसात मात्र हाच माणूस वाघ. एखादा आयातदार फोनवर म्हणाला, "राहू द्या हो कंटेनर दोन दिवस, यार्डात सेफच आहे," की शेठचा आवाज चढतो. "सेफ? फ्री डेज संपले शेठ! आता उभ्या उभ्या डिटेन्शन लागतंय, ग्राउंड रेंट लागतंय. माल जागचा हालत नाय आणि मीटर पळतंय!" मी समोरच्या टेबलावर बसून हे ऐकतो आणि गप्प राहतो. पार्लरचा दर तासाला १५० रुपये आहे, हरेल त्याने द्यायचे. शेठच्या पद्धतीने एक गेम चहाच्या तीन फेऱ्या चालतो.

परवाचीच गोष्ट. लातूरकडचा एक ट्रेलर ड्रायव्हर आला. गेटची लाइन करळ फाट्याच्या मागे गेलेली, गाडीवर क्लीनर बसवून हा वेळ काढायला आलेला. त्याचा खेळ एकाच तत्त्वावर चालला होता, जोरात मारायचं, कुठं ना कुठं काहीतरी जातंच. त्याचे सहा बॉल असेच गेले. त्यातले दोन त्याने ज्या पॉकेटाकडे बघितलंही नव्हतं तिथे. पण फाउलही ढीगभर. प्रत्येक फाउलला शेठ व्हाइट उचलून ठेवत, पुसत, पुन्हा ठेवत, आणि एकेक बॉल मुलगी सासरी पाठवावी तसा पाठवत होते. अखेर शेठचा फक्त ब्लॅक उरला, ड्रायव्हरचा तेरा नंबर.

ब्लॅक कोपऱ्याच्या पॉकेटापासून वीतभर. व्हाइट त्याच्या मागे सरळ रेषेत, दोन हातांवर. भिंत नाही, आखूड क्यू नाही. आम्ही खुर्च्यांतून उठलो. शेठने तीन प्रदक्षिणा घातल्या.

"काय इचार करायलाव शेठ, मारा की!" ड्रायव्हर म्हणाला. खेळ आपण हरतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

"सरळ शॉट सगळ्यांत वाईट," शेठ म्हणाले. "ब्लॅक जातो, आणि त्याच्या पाठोपाठ व्हाइट पण जाते. मग जिंकलेला गेम हरलो."

"व्हाइटला जरा खाली मारा, जाग्यावर थांबतीय."

"८५ टक्के."

"मंग?"

"उरलेले १५ कुठं गेले?"

आणि शेठने सेफ मारला. ब्लॅकला नुसती कडेने चाटून व्हाइट दोन कुशन फिरली आणि संथपणे येऊन अशी थांबली की तिच्यात आणि तेरा नंबरात मध्ये ब्लॅक. तो शॉट मी दहा वर्षांत पाहिला नव्हता. त्याच्या निम्म्या कसबात ब्लॅक पडला असता, पण बोलणार कोण? ड्रायव्हरने जोर लावला, व्हाइट सगळं टेबल हिंडून कशालाही न लागता परत आली. फाउल. शेठने व्हाइट उचलली, पुसली, ब्लॅकच्या मागे ठेवली, मग इंचभर डावीकडे, मग परत होती तिथे. खडू घासायला घेतला.

तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन वाजला. लाइन सरकली होती. त्याने क्यू टेबलावर टाकला, शेठच्या पाया पडल्यासारखं केलं, "जिंकलाव तुम्ही, आपुन हारलो," म्हणाला आणि पळाला. हरेल त्याने द्यायचे हा नियम त्याला कुणी सांगितला होता की नाही, देव जाणे.

काउंटरवरच्या पोराने घड्याळ बघितलं. "दोन तास चाळीस झाले, शेठ."

"मिनिटांनी घेतोस की तासाने?"

"अर्ध्या तासाने. तीन धरतो. साडेचारशे."

शेठने पाकीट काढलं. नोटा दोनदा मोजल्या, पोराकडून एकदा मोजून घेतल्या, पावती मागितली. पावती नव्हती, तेव्हा एका चिठ्ठीवर आकडा लिहून घेतला आणि खिशात ठेवली. ब्लॅक अजून पॉकेटापासून वीतभर तसाच होता. व्हाइट त्याच्या मागे. समोर हरायलाही कुणी उरलेलं नव्हतं.

"आता तरी मारा," मी म्हणालो.

शेठ वाकले. क्यू लावला. डोळा बारीक केला. मग ताठ उभे राहून त्यांनी पोराला हाक मारली, "तीन तासांचे दिले ना? म्हणजे वीस मिनिटं हायेत अजून."

"हायेत."

"मग घाई कसली," असं म्हणून त्यांनी खडू उचलला आणि पहिल्या प्रदक्षिणेला निघाले.