अपसाईझकर

गाडी घेतल्याचे पेढे संपायच्या आत ज्याला तिचे टायर बारीक वाटू लागतात, तो अपसाईझकर. घरचं आडनाव कुलकर्णी असो, शिंदे असो की डिसोझा, पार्किंगमध्ये त्याची ओळख हीच. वय चाळिशीच्या आसपास, नोकरी बँकेत नाहीतर आयटीत, गाडी अल्टो किंवा वॅगन-आर आणि मनात फॉर्च्युनर. छोटी गाडी घेतल्याची त्याला लाज वाटत नाही, हप्ता झेपतो याचा तर अभिमानच वाटतो. फक्त गाडी मागून पाहिली की चाकं फार किरकोळ दिसतात, आणि हे त्याला नेमकं रात्री झोप लागायच्या वेळी आठवतं.

आमच्या सोसायटीतल्या अपसाईझकरांची गाडी जुनी वॅगन-आर. कंपनीने तिला दिलेला टायर १४५/८० आर १३. लोक ज्या स्वरात आपलं कमी निघालेलं हिमोग्लोबिन सांगतात, त्या स्वरात ते हा आकडा सांगतात. लिफ्टमध्ये कोणी सापडलं की लगेच उलगडूनही दाखवतात. १४५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत. आर म्हणजे रेडियल. आणि १३ म्हणजे डिस्कचा व्यास, तो मात्र इंचात. (जगभरच्या टायरवाल्यांनी मिलिमीटर, टक्के आणि इंच एका ओळीत गुण्यागोविंदाने बसवले. आमच्या सोसायटीला पार्किंगची एक रेघ अजून ठरवता आलेली नाही.) या सगळ्याचा गुणाकार-बेरीज करून चाकाचा व्यास येतो ५६२ मिलिमीटर. हा आकडा त्यांना तोंडपाठ आहे. लग्नाच्या तारखेची आठवण मोबाइल करून देतो.

टायर गुळगुळीत होत आले तेव्हा अपसाईझकरांचा सुवर्णकाळ सुरू झाला. एक पर्याय १६५/७० आर १३. रुंदी २० मिलिमीटर जास्त, भिंत बुटकी, व्यास ५६१, म्हणजे जवळजवळ तोच. दुसरा १५५/८० आर १३. रुंदी थोडीच जास्त, पण व्यास ५७८. एकाने गाडी भरदार दिसणार, दुसऱ्याने उंच. व्यासातला फरक ३ टक्क्यांच्या आत ठेवावा असा या जमातीत एक सर्वमान्य नियम आहे. अपसाईझकरांनी कॅल्क्युलेटर दाबला. दुसऱ्याचं उत्तर २.८५ आलं. तिथेच त्यांनी हात जोडले.

"आठ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स वाढतोय," त्यांनी घरात जाहीर केलं. व्यास १६ ने वाढला की आस वर जातो त्याच्या निम्मा, हे गणित बरोबर आहे. वहिनींनी एवढंच विचारलं, की गावाला जाताना मागे आई, आत्याबाई आणि डिकीत तांदळाचं पोतं असतं, तेव्हा गाडी किती खाली बसते? या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या हिशेबाच्या वहीत नव्हतं.

नाना पेठेतल्या दुकानात घडलेला संवाद सोबत नेलेल्या शेजाऱ्याकडून कळला.

"साहेब, वॅगन-आर ना? १४५ टाकतो, अर्ध्या तासात मोकळे व्हाल."

"१५५ टाकलं तर?"

"टाका की."

"स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आत घासणार नाही ना?"

"नाही घासणार."

"आणि घासलं तर?"

"तर घासेल."

मग त्यांनी बॅटरी लावून प्रत्येक टायरच्या भिंतीवरचे, तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ०८२४ म्हणजे २०२४ सालचा आठवा आठवडा. चारपैकी एक टायर थोरला निघाला, तो त्यांनी बदलून मागितला. "पत्रिका पण जुळवायची का?" दुकानदाराने विचारलं. तो चेष्टा करत होता, पण आकडे बघितलेच पाहिजेत. टायर न चालवताही म्हातारा होतो, रबर कडक होतं. एवढ्या एका बाबतीत मी अपसाईझकरांच्या बाजूचा आहे.

जुन्या टायरवर ७५ टी लिहिलं होतं, नव्यावर ७९ टी. म्हणजे एकेका चाकाची वजन उचलायची ताकद ३८७ किलोवरून ४३७ वर गेली. आकडा वाढला हे चांगलंच, तो कमी होता कामा नये. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा टायर. अपसाईझकर हे १९० छाती फुगवून सांगतात. त्यांची गाडी एक्सप्रेसवेवर ८० च्या वर गेली की शेजारच्या सीटवरून "अहो" असा एकच शब्द येतो आणि गाडी ७० वर येते.

खरी मजा पुढे. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, पण मीटर मोजतो फेरेच. त्यामुळे गाडी ५०० किलोमीटर पळाली तरी मीटर ४८६ दाखवतो. पिकअप जरा मेल्यासारखा झाला, स्टिअरिंग जडावलं आणि टाकीचा हिशेब केला तर अ‍ॅव्हरेजही पडलेलं. अपसाईझकर रात्रभर अस्वस्थ. पहाटे त्यांना उलगडा झाला: पेट्रोल खरं जळतंय, किलोमीटर कमी नोंदले जातायत, म्हणजे निदान काही घट नुसती कागदावरची! तो दिवस त्यांनी सणासारखा साजरा केला. शिवाय विकताना गाडी कमी पळालेली दिसेल, हा फायदा त्यांनी मला खालच्या आवाजात सांगितला. मीटर ८० दाखवतो तेव्हा आपण ८२ वर असू शकतो, हे मात्र ते सांगत नाहीत.

आणि ग्रिप. रुंद टायर म्हणजे रस्त्यावर जास्त रबर, हा त्यांचा मूलमंत्र. प्रत्यक्षात रस्त्याला टेकलेला भाग किती, हे मुख्यतः चाकावरचं वजन आणि आतली हवा ठरवते. टायर रुंद केला की तो भाग आडवा पसरतो आणि लांबीला आखडतो. उलट साचलेलं पाणी कापायला अरुंद टायर बरा, आणि पुण्यात जुलैमध्ये पाण्याखालीच रस्ता असतो. हे मी त्यांना एकदा समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थिअरीत."

ताम्हिणी घाटात पुढचं चाक बसलं तेव्हा डिकीतून स्टेपनी निघाली. ती १४५ ची. पुढे एका बाजूला मोठं चाक, दुसऱ्या बाजूला धाकटं, एका फेऱ्यामागे ५० मिलिमीटरचा फरक. गाडी एका अंगाला ओढत, ते खालच्या पंक्चरवाल्यापर्यंत सावकाश आले. पुढच्या आठवड्यात पाचवा टायर. "चार चाकांच्या गाडीला पाच टायर बदलले," असं वहिनी आता पाहुण्यांना सांगतात, आणि अपसाईझकर मोबाइलमध्ये डोकं घालतात.

यातली गंमत अशी, की याच वॅगन-आरच्या वरच्या मॉडेलला कंपनी १५५/६५ आर १४ देत होती. व्यास ५५७, मीटरला फारसा धक्का नाही, दहा मिलिमीटर रुंदी जास्त आणि कंपनीने स्वतः पारखलेला. मापाची डिस्क घेतली की काम झालं. पण जे कंपनी देते ते घेण्यात अपसाईझकरांचं कर्तृत्व कुठे दिसणार?

तुम्हाला टायर बदलायचे असतील तर चालकाचं दार उघडा. चौकटीवर एक स्टिकर असतं, त्यावर माप आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. ते माप घ्या, नाहीतर त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचं घ्या, आणि स्टेपनीही त्याच मापाची ठेवा. हवा सकाळी गाडी काढण्याआधी, टायर गार असताना तपासा. अपसाईझकरांना विचारायचंच असेल तर जिन्यात विचारा. लिफ्टमध्ये विचारलंत तर ते दार धरून ठेवतात.