शिक्षण चालू असणाऱ्यांनी शिकू नये

महाराष्ट्र शासनाने जुलै 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. ‘लाडकी बहीण’ योजना नुकतीच घरात आलेली असल्यामुळे लोकांनी हिचे बारसे परस्पर ‘लाडका भाऊ’ असे उरकून टाकले. 18 ते 35 वयाच्या तरुणांनी सहा महिने सरकारी किंवा खासगी आस्थापनेत काम शिकायचे. बारावीवाल्याला महिना 6,000, आयटीआय किंवा पदविकावाल्याला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन. इथपर्यंत सगळे ठीक आहे. पण पात्रतेच्या अटींत एक अशी आहे की मसुदा करणाऱ्याला साष्टांग नमस्कार घालावा : ज्याचे शिक्षण चालू आहे, तो या प्रशिक्षणास पात्र नाही. शिकायचे असेल तर आधी शिकणे थांबवा! माझे म्हणणे नेमके उलटे आहे. सरकारी कचेरीतली उमेदवारी कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींनाच द्यावी, तीही अर्ध्या दिवसाची. पदवी हातात पडली की त्यांनी परीक्षा देऊन हक्काने आत यावे, नाहीतर दुसरे काही करावे. पण उमेदवार म्हणून येऊ नये.

आपल्या विद्यार्थ्याला शासन ठाऊक असते ते खिडकीच्या बाहेरून. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, आणि महाडीबीटीवर कित्येक महिने ‘प्रलंबित’ म्हणून मुक्काम ठोकलेला शिष्यवृत्तीचा अर्ज. राज्यशास्त्राच्या पेपरात त्याने कार्यकारी मंडळावर पाच पाने लिहिलेली असतात. ते मंडळ चालते टिपणीवर, हे त्याला खिडकीच्या आत बसल्याशिवाय कळायचे नाही. लिपिक टिपणी लिहितो, शेवटी ‘मान्य असल्यास आदेशार्थ सादर’ म्हणून सही ठोकतो. त्यावर एक सही, तिच्यावर आणखी एक, असा कागद चढत चढत साहेबांपर्यंत जातो. साहेब समासात दोनच शब्द लिहितात : ‘चर्चा करावी’. कागद आला तसा पायरी पायरीने उतरतो. चर्चा होते, किंवा झाली असे धरले जाते, आणि तोच कागद ‘चर्चेनुसार फेरसादर’ होऊन पुन्हा वर निघतो. चर्चेत काय ठरले ते कागदावर कुठेच नसते. पण पुढची प्रत्येक सही त्या ठरण्याच्या भरवशावर पडते. 2005 च्या दफ्तर दिरंगाई कायद्याने कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असे बजावले आहे. ‘चर्चा करावी’ हा त्यावरचा रामबाण. नस्ती पडून नसते, प्रवासात असते. कायदा पाळूनही काम कसे थांबवता येते, हे विधी महाविद्यालयात पाच वर्षांत शिकवत नाहीत. कचेरीत आठवडा पुरतो. शिवाय कागद लावण्याची सहा गठ्ठे पद्धत आहेच : प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात धाडायचे आणि नष्ट करायचे. ‘अ’ वर्गाचा कागद कायम जपायचा, ‘ड’ वर्गाचा वर्षभराने फाडायचा. कोणता कागद जपण्याच्या लायकीचा आणि कोणता नाही, हे कळणे इतिहासाच्या एम. ए.लाही दरवेळी साधत नाही.

आता, हे पदवीधरानेच शिकले तर बिघडले कुठे? बिघडते ते आशेपायी. सरकारी टेबलापाशी बसलेल्या बेकार पदवीधराला सहा महिन्यांत टेबलाची माया जडते. घरचे ‘चिकटला’ म्हणून पेढे वाटतात, स्थळे चौकशी करू लागतात. ‘लाडक्या भावा’चे तेच झाले : सहाचे अकरा महिने करावे लागले, तरी कायम करा म्हणून आंदोलने झालीच. आणि हा रोग जुना आहे. पूर्वी सुशिक्षित बेरोजगार पदवीधरांना तुटपुंज्या मानधनावर साधारण तीन वर्षे कचेऱ्यांत अर्धवेळ कामाला लावले होते. त्यांची वाट पाहणे इतके लांबले की ‘पदवीधर अंशकालीन’ नावाचा एक स्वतंत्र वर्गच तयार झाला. त्यांना भरतीत 10 टक्के समांतर आरक्षण मिळाले आणि वयाची अट 55 पर्यंत शिथिल झाली. लिपिक निवृत्त होतो अठ्ठावन्नाव्या वर्षी. म्हणजे आरंभी तीन वर्षे उमेदवारी, शेवटी तीन वर्षे नोकरी, आणि मधले सगळे आयुष्य प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात. यात त्या बिचाऱ्यांना हसण्यासारखे काही नाही. हसायचे ते प्रशिक्षण या नावाखाली रांग लावणाऱ्यांना. उलट विद्यापीठांतली कमवा व शिका योजना पाहा. भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेच्या पोरांना शेतीकामावर वाढवले, त्याच कल्पनेवर आज मुले दोन-तीन तास ग्रंथालयात नाहीतर विद्यापीठाच्या कार्यालयात काम करतात, तासाचे पैसे घेतात आणि तासाला जाऊन बसतात. त्यांनी कायम करा म्हणून मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही. ज्याला दुपारी प्रॅक्टिकल आहे, तो टेबलाच्या प्रेमात पडत नाही.

अभ्यासाचे काय, असे पालक विचारतील. हे तीन तास अभ्यासातून जाणार नाहीत, कॅन्टीनमधून जातील. पालकांनी खुशाल चौकशी करावी. गोपनीयतेचे काय, असे कार्यालय अधीक्षक विचारतील. गोपनीय अहवाल पोराच्या हाती देऊ नयेत हे मान्य, पण कोणाची बदली कुठे होणार हे चहावाल्याला आधीच माहीत असते. ई-ऑफिस आल्यावर ही विद्या जुनी होईल म्हणावे, तर ‘चर्चा करावी’ संगणकावर आणखी झटपट लिहिता येते. खरा आक्षेप एकच, आणि तो हसण्यावारी नेता येत नाही : हे स्वस्त मजूर गोळा करण्याचे साधन होईल. लिपिकाचे मूळ वेतन 19,900 रुपयांपासून सुरू होते, महागाई भत्ता वेगळा. दहा हजारांत पूर्ण दिवसाचा पदवीधर मिळत असेल, तर रिकामे पद भरायचे कोणी मनावर घ्यावे? म्हणूनच अर्धा दिवस, म्हणूनच विद्यार्थी. पूर्णवेळ पदवीधर रिकाम्या खुर्चीत बरोब्बर मावतो. तीन तासांत उठणारा, सहामाहीला गायब होणारा आणि मे महिन्यात गावी जाणारा विद्यार्थी कोणत्याही खुर्चीत मावत नाही. त्याच्या भरवशावर एकही पद रिकामे ठेवता येणार नाही. ही त्याची सर्वांत मोठी पात्रता आहे.

तेव्हा पात्रतेच्या अटीतला ‘नाही’ तेवढा काढावा, दिवसाला तीन तासांची मर्यादा घालावी आणि पदवीच्या निकालाबरोबर उमेदवारी आपोआप संपावी. प्रस्ताव कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नावीन्यता विभागाकडे माहितीस्तव व उचित कार्यवाहीस्तव सविनय सादर. एकच विनंती : कृपया चर्चा करू नये.