हाताखाली किती माणसं?

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीतून सुटणारा मॅनेजर सातारचा असला, तर कात्रज आणि खंबाटकी ओलांडून जेवायला घरी पोचतो, म्हणून दर आठवड्याला येतो. सांगलीकडचा असला तर अंतर दुप्पट, म्हणून महिन्यातून एकदा येतो. एवढी वर्गवारी सोपी आहे. अवघड वर्गवारी शनिवारी सकाळी पारावर सुरू होते. "काय करतोस रं तिकडं?" याला तो ऐटीत "मॅनेजर आहे" असं उत्तर देतो आणि तिथंच सापडतो. कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "हाताखाली किती माणसं?"

प्रॉडक्ट मॅनेजर असेल तर खरं उत्तर "एकही नाही" हे आहे, पण ते आईबापाच्या गावात देववत नाही. मग तो समजावू लागतो. ॲपमध्ये काय असावं आणि कशासाठी असावं, ते मी ठरवतो, करतात दुसरे. ही जात निघाली साबणातून. १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकएल्रॉय नावाच्या माणसानं टिपण लिहून सुचवलं, की एकेका मालाची काळजी वाहायला एकेक माणूस नेमा. संगणकाच्या कंपन्यांनी ते पुढं उचललं. पण हा इतिहास पाराला नको असतो. वाळवा-कराडच्या पट्ट्यात साखर कारखाना बघत वाढलेल्या माणसाला जगातली कुठलीही कंपनी समजते, असं माझं ठाम मत आहे. "म्हंजे शेतकी अधिकारी की!" आबा निकाल देतात. आणि निकाल बरोबर असतो. को ८६०३२ लावा, आडसाली अमुक महिन्यात करा, हे शेतकी अधिकारी सांगतो. रान त्याचं नाही, ऊस त्याचा नाही, कोयता दुसऱ्याच्या हातात. पण उतारा घसरला की पहिली विचारणा त्यालाच.

प्रोजेक्ट मॅनेजरला "काय" आणि "कशासाठी" यांच्याशी देणंघेणं नसतं. त्याचा सगळा जीव "कधी" या एका शब्दात. तो मुळात सज्जन असतो, पण त्याचं नाव फोनवर उमटलं की चांगली माणसं मोबाइल पालथा घालतात. हा चिटबॉय. कुणाच्या फडाला कुठल्या तारखेला तोड, हे त्याच्या वहीत. प्रोग्रॅम मॅनेजर म्हणजे असे दहा चिटबॉय ज्याच्यापुढं एकमेकांकडं बोट दाखवतात तो.

इंजिनिअरिंग मॅनेजरचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. त्याच्या हाताखाली खरोखरच माणसं असतात, आणि तेच त्याचं दुखणं. सांगलीच्या वालचंदमधून नाहीतर कराडच्या सरकारी कॉलेजातून शिकून गेलेला हा गडी एकेकाळी फार सुंदर कोड लिहायचा. म्हणून कंपनीनं त्याला बढती दिली आणि कोड लिहायचा बंद केला. आता तो दिवसभर माणसांशी बोलतो : कुणाला पगारवाढ हवी, कुणाला ऑनसाइट, कुणाला नुसतं कुणीतरी ऐकून घ्यायला हवं. हा टोळीचा मुकादम. मुकादमानंही कधीतरी कोयता चालवलेला असतो, त्यामुळं ऊस कुठं चुकीचा तुटतोय ते त्याला लांबून दिसतं. पण आता हात लावायची सोय नाही. त्याची मोठी धास्ती कुठली, हे कळल्यावर आबा पोट धरून हसले. पोरं ऑफर लेटर घेतात, तारीख ठरवतात आणि रुजू व्हायच्या दिवशी दुसऱ्याच कंपनीत जाऊन बसतात. "उचल घेऊन टोळी पळाली म्हण की!"

हे सगळं नको म्हणून काही शहाणे कोडच लिहीत राहतात. मोठ्या कंपन्यांत त्यांच्यासाठी वेगळी शिडी असते, पगारही मॅनेजरच्या तोडीचा. पण स्थळ बघायला आलेल्या मामांना ती शिडी दिसत नाही. हाताखाली कुणीच नाही म्हटल्यावर मामा चहा अर्धा ठेवून पंचांगाकडं वळतात.

स्क्रम मास्टर तेवढा कारखान्यात कुठंच बसेना. रोज सगळ्यांना पंधरा मिनिटं उभं करायचं, काल काय केलं, आज काय करणार ते विचारायचं. उभं का? तर म्हणे बोलणं लवकर आटपतं. "मग वार्षिक सभेतल्या खुर्च्या काढा की," तात्या म्हणाले. गंमत अशी, की २००१ साली अमेरिकेत यूटामध्ये सतरा जणांनी बसून ज्या अजाइल जाहीरनाम्यातून या उभ्या बैठकांचं पेव फोडलं, त्यात मॅनेजर हा शब्दच नाही.

एवढ्यात आबांना आपला ऊस आठवतो. तोड लांबलीय, तुरे आलेत. "तू मॅनेजर हाईस न्हवं? लाव त्या चिटबॉयला फोन." तीन देशांतल्या रिलीजच्या तारखा पाळणारा प्रोजेक्ट मॅनेजर फोन लावतो. पलीकडून शांत आवाज : "दादा, तुमचा नंबर लागलेलाच आहे. टोळी वरच्या गटात अडकलीय. मोकळी झाली की तुम्हाला पहिलं कळवतो."

"पण नक्की तारीख?"

"तारीख आत्ता सांगितली आणि चुकली तर तुम्हालाच वाईट वाटंल. त्यापेक्षा सोमवारी बोलू."

मॅनेजर फोन ठेवतो, खिशातून पेन काढतो आणि ते वाक्य शब्दन्‌शब्द उतरवून घेतो. सोमवारी क्लायंटचा कॉल आहे.