अठरा भोकं, एक गल्ला

वालचंदनगरात इस्रोच्या रॉकेटचे भाग बनतात, साखर कारखान्यांची यंत्रं बनतात. बाजारपेठेत गोल्फची स्टिक मागून बघा. दुकानदार आधी तुमच्याकडे बघेल, मग हॉकीची काढून देईल.

तरी गोल्फच्या मैदानावर दुकान कसं चालवावं, हे याच गावच्या किराणावाल्याला विचारावं.

वालचंद हिराचंदांनी उसाच्या पट्ट्यात वसवलेलं हे कंपनीचं गाव. गिऱ्हाईक ठरलेलं, पगाराची तारीख ठरलेली. येरवड्याच्या पूना क्लब गोल्फ कोर्सवर वेगळं काय आहे? सभासद ठरलेले, रविवार ठरलेला. रस्त्यावरून चुकून कुणी गिऱ्हाईक आत येत नाही.

वॉचमन येऊ देत नाही.

तिथे जाहिरातीचा उपयोग शून्य. दुकानदाराला लक्षात ठेवावं लागतं, कोणत्या साहेबांना कोणत्या मापाचा हातमोजा लागतो. उजव्या हाताने खेळणारा मोजा डाव्या हातात घालतो, तोही एकच. घामाने वर्षात चिरगुट होतो, की साहेब पुन्हा हजर. जोडीऐवजी एक विकून खूश होणारा दुसरा दुकानदार दाखवा!

नवख्या मालकाला वाटतं, पैसा काठ्यांत आहे. नियमाने पिशवीत 14 च्या वर काठ्या चालत नाहीत. त्या एकदा घेतल्या की साहेब वर्षानुवर्षं त्याच मिरवतात. तेवढ्यात कंपनी नवं मॉडेल काढते आणि तुमचं भांडवल भिंतीला टेकून म्हातारं होतं.

पैसा चेंडूत आहे. व्यास किमान 42.67 मिलिमीटर, वजन फार तर 45.93 ग्रॅम. एवढासा जीव, पाण्यात पडला की गेला. मैदानात तळं कशाला खोदतात, असा प्रश्न कुणाला पडला होता का?

चेंडूवरून भांडणंही जुनीच. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमध्ये ॲलन रॉबर्टसन कातड्यात पिसं ठासून चेंडू बनवायचा. 1848 च्या सुमारास गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचा स्वस्त, टणक चेंडू आला, तसा त्याचा जळफळाट झाला. त्याच्या हाताखालचा टॉम मॉरिस तो नवा चेंडू खेळला, म्हणून दोघांचं फाटलं. पुढे मॉरिसने अठराव्या भोकाशेजारी स्वतःचं दुकान थाटलं. त्याचं नाव आजही घेतात.

पिसांचा धंदा कुठे आहे?

आजचा गटापर्चा मोबाइलमध्ये आहे. साहेब तासभर ड्रायव्हर नावाची काठी घुमवून बघतात, माप देतात, फोटो काढतात आणि 'विचार करून सांगतो' म्हणतात. विचार गाडीतच होतो, माल दोन दिवसांनी घरी येतो. यावर शहाणे दुकानदार माप घ्यायचे पैसे आधी घेतात, खरेदी झाली तर बिलात वळते करतात. पुष्कळांना मात्र भीड पडते. कपडा न घेता नुसतं माप देऊन जाणाऱ्याला आपला शिंपी काय म्हणेल, ते इथे छापता येणार नाही.

क्लबचं चिन्ह असलेली टोपी मात्र मोबाइलवर मिळत नाही. तिची किंमत बिनधास्त वाढवा. माणूस ऊन अडवायला ती घेतोय थोडाच? लग्नात घालून जायची सोय असती, तर तिथेही घातली असती.

एका बाबतीत किराणावाला हरतो. सभासद वहीत सही करतो आणि महिनाअखेर क्लब बिल पाठवतो. वसुलीला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. थकबाकीदाराचं नाव क्लबच्या फलकावर लागलं, तर साहेब त्याच दिवशी चेक पाठवतात. किराणावाल्याने असा फलक लावला, तर सगळी पेठच समोरच्या दुकानात जाईल.