सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी

मान्सून केरळात कधी पोचला हे हवामान खातं सांगतं. आमच्या ऑफिसात तो कधी पोचला हे ॲडमिनच्या परिपत्रकावरून कळतं. 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी सुरुवात असलेला कागद नोटीस बोर्डावर, वाढदिवसांच्या यादीशेजारी लागला, की अंधेरीत पावसाळा सुरू झाला असं समजायला हरकत नाही. मग बाहेर ऊन का असेना.

यंदाचं परिपत्रक नेहमीपेक्षा भारदस्त आहे. 'कोणत्याही नैसर्गिक आपत्तीस तोंड देण्यास कार्यालय सज्ज असून, आपत्ती उद्भवल्यास संबंधित विभागाने तिचा तपशील विहित नमुन्यात तत्काळ सादर करावा.' नमुना सोबत जोडलेला आहे. त्यात आपत्तीचं नाव, तारीख, वेळ, अंदाजे नुकसान आणि विभागप्रमुखाची शिफारस असे रकाने आहेत. आपत्तीला विभागप्रमुखाची शिफारस लागते, हे वाचून ज्यांना हसू आलं त्यांनी आमचे विभागप्रमुख पाहिलेले नाहीत.

परिपत्रकासोबत समितीही आली. तीत साहेब अध्यक्ष, ॲडमिनच्या मॅडम सचिव, आणि जे बैठकीला गैरहजर होते ते सदस्य. सिक्युरिटीचे मामा समितीत नाहीत, कारण ते कंत्राटदाराच्या पगारपत्रकावर आहेत. रात्री अकरानंतर आणि रविवारी पूर्ण दिवस या इमारतीत फक्त मामाच असतात. पण आपत्तीने शक्यतो कार्यालयीन वेळेत यावं, अशी समितीची भूमिका दिसते.

आता आराखड्याविषयी. आमची मूळ कंपनी अमेरिकेतली, त्यामुळे आपत्ती व्यवस्थापनाची पुस्तिकाही तिकडूनच आली. मॅडमनी ती मन लावून मराठीत करून घेतली. बदल एकच केला: जिथे जिथे टेक्सस होतं, तिथे तिथे अंधेरी पूर्व घातलं. त्यामुळे 'छतावर बर्फ साचल्यास प्रशिक्षित व्यक्तीमार्फतच काढून घ्यावा' हे वाक्य आमच्याकडे जिन्यात फ्रेम करून लावलेलं आहे. गेल्या वर्षी ऑडिटला आलेल्या गृहस्थांनी बर्फाच्या फावड्याची पावती मागितली होती म्हणतात. खरंखोटं मॅडमना माहीत.

बर्फापर्यंत ठीक होतं. पुस्तिकेत पुढे असंही म्हटलंय की चक्रीवादळाचा इशारा मिळताच सर्वांनी तळघरात आश्रय घ्यावा. टेक्ससमध्ये हा सल्ला शहाणपणाचा आहे. तिथलं टॉर्नेडो जमिनीवरून भोवऱ्यासारखं फिरत येतं, घराचं छप्पर उचलून नेतं, आणि माणूस खाली असला तर वाचतो. आपल्याकडचं वादळ समुद्रावरून येतं आणि सोबत पाणी घेऊन येतं. अंधेरीत पाणी भरायला लागलं की पहिलं कुठे जातं, हे शाळकरी पोरही सांगेल. आमच्या तळघरात जनरेटर आहे, यूपीएस आहे, दहा वर्षांच्या फायली आहेत आणि ड्रायव्हर मंडळींची आडवं व्हायची जागा आहे. म्हणजे वादळ आलंच तर वीज, कागद आणि माणसं एकाच ठिकाणी, एकाच वेळी बुडावीत अशी चोख व्यवस्था आहे.

जनरेटर खाली ठेवण्यात आम्ही एकटे नाही, एवढाच दिलासा. २०११ साली जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुप्रकल्पात त्सुनामीचं पाणी शिरलं आणि अणुभट्ट्या थंड ठेवण्यासाठी राखून ठेवलेले बहुतेक डिझेल जनरेटर खाली असल्यामुळे बंद पडले. २०१५ साली चेन्नईच्या पुरात एका मोठ्या रुग्णालयाचे जनरेटर बुडाले आणि अतिदक्षता विभागातले रुग्ण दगावले. हे मी बैठकीत सांगितलं. साहेब म्हणाले, "पॉइंट चांगला आहे, मिनिट्समध्ये घ्या." मिनिट्समध्ये घेतला. जनरेटर खालीच आहे.

पुस्तिकेची आणखी एक खुबी म्हणजे समभाव. आग असो, भूकंप असो, पूर असो की (तळघराचं विसरून) वादळ, सगळ्यांवर इलाज एकच: शिटी वाजताच जिना उतरून बाहेर असेंब्ली पॉइंटवर जमा व्हावं. आगीत हे बरोबर आहे. भूकंपात हादरे चालू असेपर्यंत जिन्यात जाऊ नये, टेबलाखाली बसावं, असं शाळेत शिकवतात. पुरात खाली उतरायचं म्हणजे पाण्यात उतरायचं. आणि वादळात सगळ्या स्टाफला बाहेर काढून उघड्यावर उभं करायचं, ही कल्पना वादळालाही सुचली नसती.

याची रंगीत तालीमही होते. आदल्या दिवशी मेल येतो: उद्या सकाळी ११.१५ वाजता अचानक भूकंप होईल. मागच्या खेपेस साहेबांचा क्लायंटशी कॉल लांबला म्हणून भूकंप ११.४० ला झाला. शिटी वाजली. अकाउंट्सवाले आधी सेव्ह करून, मग उठले. निम्मी मंडळी लिफ्टने खाली गेली, कारण जिन्यात जुन्या खुर्च्या, दोन बंद पडलेले प्रिंटर आणि कुणाची तरी सायकल आहे. खाली हजेरी झाली, ग्रुप फोटो झाला, वडापाव आणि कटिंग झाला. फोटोत सगळे हसतायत. हा फोटो आता वार्षिक अहवालात 'सुरक्षिततेची संस्कृती' या मथळ्याखाली आहे.

फोटोत एक गोष्ट अर्धीच दिसते, कारण ती फ्रेममध्ये मावली नाही. असेंब्ली पॉइंटचा हिरवा बोर्ड ज्या जागी आहे, तिच्या बरोब्बर वर शेजारच्या इमारतीचं होर्डिंग आहे. जागा सावलीची म्हणून निवडली होती. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वळवाच्या वादळात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. मुंबईत होर्डिंगला परवानगी जास्तीत जास्त ४० बाय ४० फुटांची, आणि ते उभं होतं १२० बाय १२० फुटांचं. त्या आठवड्यात आमच्याकडेही खळबळ उडाली. समितीची तातडीची बैठक झाली आणि असेंब्ली पॉइंटचा बोर्ड गंजला होता तो रंगवून घेण्यात आला.

आपत्कालीन कपाटाबद्दल लिहायलाच हवं. पुस्तिकेप्रमाणे त्यात बॅटऱ्या, दोरखंड, प्रथमोपचाराची पेटी, पिण्याचं पाणी, बिस्किटं, चादरी आणि सगळ्यांच्या घरच्या नंबरांची छापील यादी असायला हवी. यादी छापील का, तर मोबाइल बंद पडतो म्हणून. कपाट आहे. त्याला कुलूप आहे, कारण बॅटऱ्या पळवल्या जातात. किल्ली मॅडमकडे आहे आणि मॅडम विरारला राहतात. गेल्या दिवाळीत कपाट उघडलं तेव्हा आत आकाशकंदील, क्रिकेट स्पर्धेच्या ढाली आणि सत्यनारायणाचा चौरंग निघाला. बिस्किटांचा एक पुडाही होता. मुदत संपलेली होती, पण पुडा होता, हे मान्य करायला पाहिजे.

हे सगळं मी मामांना सांगत होतो. मामा २००५ च्या पुरातही याच परिसरात ड्युटीला होते. त्यांनी पुस्तिका वाचलेली नाही. ती त्यांना दिलेलीच नाही. ते म्हणाले, "साहेब, पाणी वाढायला लागलं की आधी लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची. खड्ड्यात पाणी भरलं आणि लिफ्ट खाली असली तर ती गेली. रॅम्पच्या तोंडाशी रेतीच्या गोण्या टाकायच्या, आणि त्या आत्ता भरून ठेवायच्या, पाण्यात रेती कुठे शोधणार? गेटजवळची जाळी मी रोज हाताने साफ करतो, पाला अडकतो. गच्चीवरचे सुटे पत्रे मात्र बांधून घ्या. ते माझ्याने व्हायचं नाही." दोन मिनिटांत झालेला हा आराखडा आमच्या पुस्तिकेत कुठेच नाही. पत्रे अजून सुटेच आहेत. त्यासाठी तीन कोटेशन्स मागवलेली आहेत.

पण गोण्या, पत्रे, जनरेटर हे सगळं एक वेळ होईल. होणार नाही ती गोष्ट वेगळीच आहे: घरी जा, हे कुणी सांगायचं?

आमचं हेड ऑफिस नरिमन पॉइंटला आहे आणि ऑफिस सोडायची परवानगी तिथून येते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हवामान खात्याच्या वर्गवारीत २०४.४ मिलिमीटरच्या वर गेलं की आकड्यांतली पुढची पायरीच नाही, आणि हा त्याच्या चौपटीहून जास्त. त्याच दिवशी कुलाब्याला पडला ७५ मिलिमीटरच्या आत. म्हणजे उपनगरात बंद गाड्यांत माणसं गुदमरत होती, तेव्हा दक्षिण मुंबईत छत्री घेऊन चहाला जाता येत होतं. ज्या खिडकीबाहेर पाऊस नाही, त्या खिडकीशी बसलेल्या माणसाने इतरांच्या पावसाचा निर्णय घ्यायचा, ही पद्धत त्यानंतरही बदललेली नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात देशाला आपत्ती व्यवस्थापन कायदा मिळाला. आमच्या हेड ऑफिसला खिडकी मात्र तीच राहिली.

आता रेड अलर्ट आदल्या दिवशीच मोबाइलवर येतो. महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखाही पावसाळ्याआधी जाहीर करते. माहितीची वाण नाही. तरी सकाळी ग्रुपवर मेसेज येतो: 'परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत. स्टे सेफ.' दुपारी एकला येतो: 'हेड ऑफिसच्या सूचनेची वाट पाहत आहोत.' साडेचारला, लोकल दादरला थांबल्यावर, भरती ऐन जोरात असताना येतो: 'ज्यांना निघायचं असेल त्यांनी आपापल्या जबाबदारीवर निघावं. हाफ डे टाकून.'

हाफ डे टाकायची चैन तरी आम्हाला आहे. लॅपटॉपवाल्यांना घरून काम करता येतं, आणि करोनानंतर त्याला कुणी नाकही मुरडत नाही. पॅन्ट्रीतल्या मावशींना चहा घरून करता येत नाही. त्या दिव्याहून येतात, आणि आल्या नाहीत तर खाडा. मामांचा रिलीव्हर पाण्यात अडकला तर मामांची डबल ड्युटी, कारण गेट सोडलं तर नोकरी गेली. रेड अलर्टच्या दिवशी आमच्या रिकाम्या ऑफिसचं रक्षण करायला ती दोघं येतात. सुरक्षिततेच्या संस्कृतीचा फोटो मामांनीच काढला होता. त्यात ते नाहीत.

इथे हसण्यावारी नेता येत नाही असं एक नाव लिहितो: पी-३०५. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाचा इशारा काही दिवस आधीच मिळालेला होता. बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रातला हा तराफा २६१ कामगारांसह समुद्रातच राहिला. नांगर तुटले, तराफा भरकटला आणि १७ मे रोजी बुडाला. नौदलाने जिवाची बाजी लावून बहुतेकांना वाचवलं, तरी सत्तरच्या वर माणसं गेली. ते मजेखातर समुद्रात नव्हते, कामावर होते. परत या, हे त्यांना वेळेत आणि ठामपणे सांगण्याचं काम कुणाचं तरी होतं.

त्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. तिथल्या एसटी आगाराचे व्यवस्थापक सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन सहकाऱ्यांसह बुडालेल्या बसच्या टपावर कित्येक तास बसून राहिले. महाराष्ट्राने त्यांचं कौतुक केलं, आणि ते रास्तच होतं. आमच्या साहेबांनी ती बातमी ग्रुपवर टाकली, खाली लिहिलं, 'याला म्हणतात कमिटमेंट!' आणि दहा जणांनी टाळ्यांचे हात दाखवले. रोकड रात्री तिथे का होती, आणि माणसं अडकण्याआधी ती सुरक्षित जागी हलवायची सोय का नव्हती, हे ग्रुपवर कुणी विचारलं नाही. बसचा टप ही आपल्याकडे आपत्ती व्यवस्थापनातली शेवटची पायरी आहे, आणि बऱ्याचदा पहिलीही.

तर वाचकहो, तुमच्याही ऑफिसात हे परिपत्रक येत्या आठवडाभरात सहीसाठी फिरेल. सही करा, उगाच वाकड्यात शिरू नका. फक्त सहीच्या वर आपल्या अक्षरात एक ओळ लिहा: 'रेड अलर्टच्या दिवशी सुरक्षारक्षक, सफाई आणि पॅन्ट्री कर्मचाऱ्यांचा खाडा धरू नये.' मग कागद पुढे जाऊ द्या. साहेबांना ती ओळ मंजूर करावी लागेल किंवा खोडावी लागेल, आणि दोन्हीखाली सही त्यांचीच असेल.